कळशीतली चौदावी चिठ्ठी

आमच्या मामांना जेवायला हाक मारली की ते आधी विचारतात, "बाकीच्यांचं झालं का?" घरात माणसं चार. मी, माझा नवरा रविंद्र, आत्या आणि ते स्वतः. मग बाकीचे म्हणजे कोण? सगळं गाव उपाशी बसलंय का? माझं डोकं तापतं, मी ताट जरा आदळतेच, आणि मामा गरीब चेहरा करून म्हणतात, "वाढ बाई वाढ, मी आपलं सवयीनं विचारलं." लग्नाला आठ वर्षं झाली, रोजचा हाच तमाशा आहे.

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. तर हे मामा म्हणजे भिवाजी खंदारे. आखाडा बाळापूरपासून सात किलोमीटरवर आमचं गाव. तिथं आणि शेजारच्या दोन तांड्यांवर मामांनी तीस वर्षं टपाल वाटलं. सायकल, खाकी पिशवी आणि भसाडा आवाज. दारात उभं राहून पूर्ण नाव घेऊन हाक मारायचे, आडनावासकट, मग दार म्हातारीचं असो की शेंबड्या पोराचं. तांड्यावरच्या मिराबाईला तिच्या लेकाचं पत्र वाचून दाखवायचे, तिनं सांगितलेलं उत्तर लिहून घ्यायचे, आणि त्यातलं एक अक्षर घरी येऊन आत्याला सांगायचे नाहीत. आत्या अजून त्या गोष्टीवर खार खाऊन आहेत. "काय लिव्हलं व्हतं ते सांगा म्हनलं की ह्यांच्या तोंडात गुळणी!" म्हणतात. त्यांचं नाव सोजराबाई, आणि रागावल्यावर त्या फार सुंदर दिसतात, हे मामांचं मत, माझं नाही.

अशा माणसाकडं गावानं कळशी दिली, यात नवल नव्हतं.

कळशीचं सांगते. आमच्याकडं हळद भरपूर. ती काढली की शिजवावी लागते, शिजवली की पंधरा दिवस उन्हात वाळवावी लागते, मग पोती वसमतच्या बाजाराला जातात. शिजवायला आधी मोठी लोखंडी कढई यायची, आता कुकर येतो, ट्रॅक्टरच्या मागं जोडलेला. तो किसनसिंगचा. किसनसिंग तांड्यावरचा, आधी त्याचा बाप यायचा. गावात हळदीची चौदा घरं आणि कुकर एक. एका घराला दीड-दोन दिवस लागतात. म्हणजे पहिल्याची हळद फाल्गुन लागायच्या आत वाळायला पडते आणि शेवटच्याची पाडवा जवळ आला तरी अंगणातच. तोवर आभाळ भरून यायला लागतं, मजूर निघून जातात, आणि ढिगातली कच्ची हळद आतून तापत बसते. त्यामुळं कोणाची पाळी कधी, यावर पूर्वी डोकी फुटायची. शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. पण चिठ्ठ्या ज्याच्या हातात, त्याच्याच भावकीचं नाव वर यायला लागलं. मग गाव म्हणालं, भिवाजीकडं द्या, तो दुसऱ्याच्या पाकिटाकडं बघतसुद्धा नाही.

याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून दर माघात आमच्या अंगणात चिठ्ठ्या निघतात. मामा वहीचा कागद कापतात, चौदा नावं लिहितात, गुंडाळ्या करतात आणि एकेक करून कळशीत टाकतात. कळशी पितळी, आत्यांच्या माहेरची. ज्या घरांत ह्या कळशीचं पाणी पूर्वी चाललं नसतं, त्या घरांची माणसंही पायरीवर बसून तिच्याकडं डोळे लावतात. तोंडाला फडकं बांधून आत्या ती हलवतात. "कळशी माझी, हलवीन मीच," हा त्यांचा हट्ट. मग किसनसिंग हात घालतो, कारण त्याची स्वतःची हळद नाही, त्याला कुणाचं सोयरसुतक नाही. तो चिठ्ठी मामांना देतो, मामा टपालवाल्या आवाजात पूर्ण नाव पुकारतात, आणि ज्याचं नाव निघालं त्या घरानं ओरडायचं, "हाय!"

हे "हाय" म्हणजे मोठी शान. चौदा घरांतली लखमाबाई तर पदर खोचून, उभं राहून ओरडते.

मामांना पेन्शन तुटपुंजी, शेत दोन एकर, अंगावर सणालासुद्धा तोच पांढरा सदरा. पण ही कळशी त्यांच्याकडं आहे म्हणून ते गावातून ताठ चालतात. ती काढून घेतली असती, तर माणूस महिन्याभरात अंथरुणाला खिळला असता. हे मी उगाच सांगत नाही, ती वेळ आली होती.

मी बाळापूरला बारावी कॉमर्सला गणित शिकवते. संभाव्यतेचा धडा आला की पुस्तकं पत्ते आणि फासे काढतात. आमच्या पोरींनी पत्ते कुठं बघितलेत? मी मामांची कळशी काढते.

औंदाही काढली. म्हटलं, "चौदा चिठ्ठ्या आहेत. पहिली चिठ्ठी तुमची निघायची शक्यता किती? चौदात एक. ती दुसऱ्याची निघाली. काढलेली चिठ्ठी आपण परत टाकत नाही. मग आता? तेरात एक. पुढं बारात एक. म्हणजे आधी काय निघालं त्यावर पुढचं बदलतं. ह्याला म्हणायचं अवलंबी घटना. तेरा निघाल्या आणि तुमची अजून आतच आहे, तर चौदावी कोणाची?"

"आपलीच!" सगळ्या ओरडल्या.

"काढून बघायला पाहिजे का?"

"न्हाई!"

"बरोबर. आता पुढच्या वर्षी काय होतं? चौदाच्या चौदा नवीन चिठ्ठ्या. गेल्या वर्षी काय निघालं ते कळशीला माहीतच नाही. म्हणून ह्या वर्षीची सोडत आणि गेल्या वर्षीची, ह्या स्वतंत्र घटना."

हे मला नीट सांगता येतं, कारण मी आमच्या संतरामभाऊंशी आठ वर्षं याच गोष्टीवरून भांडतेय. संतरामभाऊ म्हणजे गावातले सगळ्यात मोठे हळदवाले, आवाजही तसाच. दरवर्षी येऊन सांगतात, "मागल्या साली माझी बारावी आली, औंदा मी पयल्या तिघांत पाहिजे, हिशोब बराबर व्हायला पाहिजे." मामा हसून म्हणतात, "भाऊ, कळशीला काय ध्यानात ऱ्हातं व्हय?" पण भाऊंना पटत नाही. त्यांच्या मते कळशीला सगळं ध्यानात राहतं, फक्त ती त्यांच्यावर रुसलेली आहे.

तर धडा संपला, मी खडू ठेवला, आणि शितल राठोड उभी राहिली. शितल म्हणजे किसनसिंगची मुलगी, शांत, पण नजर घारीची.

"मॅडम, माझे बापू तुमच्या गावात चिठ्ठ्या काढतात. ते म्हणतात, भिवाजीकाकांची चिठ्ठी माझ्या हाताला कधी लागलीच नाही. दरवर्षी ते शेवटीच. मग ते कसं काय?"

"योगायोग," मी म्हटलं.

"पण तुम्हीच म्हणालात की वर्षं स्वतंत्र आहेत. मग गुणाकार करायचा ना?"

कार्टी! माझंच शस्त्र माझ्यावर. मी फळ्यावर गुणाकार मांडला. एका वर्षी शेवटी येण्याची शक्यता चौदात एक. दोन वर्षं लागोपाठ, एकशे शहाण्णवात एक. तीन वर्षं, सत्तावीसशे चव्वेचाळीसात एक. पाच वर्षांना पाच लाख सदतीस हजारांवर गेलं आणि वर्गात कोणी हसेना. मी लग्न होऊन आल्यापासूनची आठ वर्षं धरली. एकशे सत्तेचाळीस कोटींत एक. म्हणजे अख्ख्या देशातल्या माणसांच्या नावाची एकेक चिठ्ठी टाकायची, एकदाच हात घालायचा, आणि नेमके आमचे मामा निघायचे! आणि ही फक्त आठ वर्षं, बावीस नाहीत.

मी गणिताची बाई, आठ वर्षं त्या अंगणात चहा वाटत फिरले आणि एकदाही गुणाकार केला नाही. "आता राह्यलं आमचंच घर" म्हणून मामा कळशी उचलायचे आणि मी कपबशा.

घरी आले तेव्हा मामा पाणी द्यायला शेतावर गेले होते. मी आत्यांना सांगितलं. गुणाकार त्यांना कळला नाही, पण "चिठ्ठी कळशीत पडतच नसंल" हे वाक्य कळलं. त्या उठल्या, खुंटीवरची जुनी खाकी पिशवी काढली आणि माझ्यासमोर उपडी केली. पिशवीला आम्ही कुणी हात लावत नव्हतो, ती मामांची. त्यातून टपाल खात्याचा एक जुना बिल्ला पडला, सायकलची किल्ली पडली आणि दोऱ्यानं बांधलेल्या गुंडाळ्यांची जुडी पडली.

बावीस होत्या. मी दोनदा मोजल्या. प्रत्येकीवर त्यांच्या सुंदर अक्षरात एकच नाव, भिवाजी खंदारे. जुन्या चिठ्ठ्या मनिऑर्डरच्या फॉर्मच्या जाड कागदाच्या, नव्या वहीच्या पानाच्या.

लगेच लक्षात आलं. मामा चौदा चिठ्ठ्या लिहायचे, तेरा टाकायचे. प्रत्येकाचा डोळा आपापल्या चिठ्ठीवर, ती आत पडली की तो निवांत. शेवटची पेनाबरोबर सदऱ्याच्या खिशात गेली, हे बघणार कोण? तेरा निघाल्यावर चौदावी काढायची गरजच नसते, ती ठरलेलीच. आणि "आता राह्यलं आमचंच घर" हे वाक्य अक्षरशः खरं. बावीस वर्षांत हा माणूस एक शब्द खोटं बोलला नव्हता!

मला हसू यायला लागलं होतं, पण आत्यांकडं बघितलं. आत्या रडत होत्या.

"सहा साल झाले, गारा पडल्या," त्या म्हणाल्या. "साऱ्यांची हळद पोत्यात व्हती, आपली आंगनात. मी कोनाला बोलले न्हाई बाई, पन मला वाटलं माझंच नशीब फुटकं. माझाच पायगुन. दोन साल तर मी डोळे मिटून कळशी हलवली, म्हनलं आपली नजर नको लागायला. अन् आत माझं नावच न्हाई! बावीस साल मी लोकाचीच नावं हलवून राहिले!"

मी त्यांना जवळ घेतलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि त्यांचा तो सुंदर राग आला.

"औंदा टाकायची," म्हणाल्या. "मी टाकते. हलवताना फडक्याखालून सोडते."

"मामांना विचारायचं का?"

"त्याहिला विचारलं तर व्हय म्हनतेत का? एक घर, एक चिठ्ठी. आपलं घर न्हाई व्हय?"

जुडीतली एक गुंडाळी त्यांनी काढून घेतली. मी त्या वेळी नीट विचार केला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. पण मीही तापलेलीच होते.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, सोडत. किसनसिंगनं कुकर वेशीपाशी उभा केला आणि हातपाय धुऊन अंगणात आला. चौदा घरांची माणसं जमली. संतरामभाऊंनी नेहमीचं भाषण केलं. मामांनी चिठ्ठ्या लिहिल्या, गुंडाळल्या, टाकल्या. मी दारातून बघत होते. शेवटची चिठ्ठी पेनाबरोबर खिशात गेली, इतक्या सहज, की ठाऊक असूनही मी जवळपास चुकलेच. मग आत्यांनी फडकं बांधलं, कळशी मांडीवर घेतली आणि औंदा डोळे उघडे ठेवून हलवली.

किसनसिंगनं हात घातला, पहिली चिठ्ठी काढली, मामांकडं दिली. मामांनी उलगडली.

लोक वाट बघत राहिले. मामा पुकारेनात तसं किसनसिंगनं वाकून वाचलं आणि खुशीत ओरडला, "अरे, भिवाजीदादा! तुमीच की पयले!"

कुणी "हाय" म्हटलं नाही.

"असं कसं?" संतरामभाऊ उठले. "बावीस साल शेवटी अन् आज एकदम पयला? दाखव चिठ्ठी." त्यांनी ती हातात घेतली, बोटांत चोळली. "कागद पघा! बाकीच्या चिठ्ठ्या वहीच्या, ही जाडी. पिवळी पडल्याली. ही कळशीत कुठून आली?"

घाईत आत्यांनी मनिऑर्डरच्या कागदाची चिठ्ठी काढली होती.

सगळे मामांकडं बघायला लागले. आणि मामांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "ही चिठ्ठी मी टाकली न्हाई."

झालं! आगीत तेल. "मंग कोनं टाकली?" "अक्षर तर तुझंच!" "कळशी तुझ्या घरची!" जो तो बोलायला लागला. शेवटी मागून कोणीतरी म्हणालं, "कळशी दुसरीकडं ठेवा आता," आणि दोघा-तिघांनी माना हलवल्या. मामांनी कळशी आत्यांच्या मांडीवरून उचलली आणि दोन्ही हातांनी संतरामभाऊंसमोर धरली. मान खाली. तीस वर्षं दारोदार ताठ उभा राहिलेला माणूस. मला ते बघवेना.

मी पायरी उतरून मधोमध गेले. सून आहे, बाप्यांच्या बैठकीत बोलू नये वगैरे सगळं मला माहीत आहे. गेलं खड्ड्यात.

"ठेवा ती कळशी खाली, मामा," मी म्हटलं. "चिठ्ठी आत्यांनी टाकली आणि मी टाकू दिली. संतरामभाऊ, तुम्ही चूक शोधताय ना? मग बरोबर ठिकाणी शोधा. आज आमचं नाव पहिलं आलं, त्यात काय विशेष? चौदात एक. तुमचंही आलं असतं. रोज उठून असं होतं. पण बावीस वर्षं दरवर्षी शेवटी, हे होतं का? तेव्हा कोणी उठला? कोणी विचारलं, भिवाजीची चिठ्ठी काहून निघत नाही?"

मी खाकी पिशवी आणली आणि जुडी पायरीवर सोडली. एकवीस गुंडाळ्या गडगडल्या.

"ही बघा तुमची फसवणूक. बावीस वर्षं कळशीत तेराच चिठ्ठ्या होत्या. तुम्हाला वाटत होतं आपली शक्यता चौदात एक. ती तेरात एक होती. ह्यांनी दरवर्षी स्वतःचं नाव काढून तुम्हा प्रत्येकाच्या नावात थोडं थोडं वाटून टाकलं. मामा, खिशातली चिठ्ठी काढा."

"जाऊ दे ना बाई."

"काढा म्हणते ना!"

मामांनी काढली. वहीचा पांढरा कागद. लखमाबाईनं तोंडाला पदर लावला.

"पन काहून?" संतरामभाऊंचा आवाज एकदम खाली आला होता. "काहून केलं असं, भिवाजी?"

मामा जमिनीकडं बघत म्हणाले, "ज्या दिवशी कळशी आली माझ्याकडं, त्या दिवशी तुमीच म्हनला व्हता, भाऊ. हसतहसतच म्हनला. भांडं त्याहिच्या वस्तीत देऊन राहिलो, आता पघा, पयलं नाव कोनाचं निघतं ते. सारे हसले. मीबी हसलो. घरी आलो अन् म्हनलं, आपलं नावच नको त्याच्यात. दुसऱ्याचं नाव पयलं निघालं तर नशीब म्हनतेत. आपलं निघालं तर चोर म्हनतेत."

"मी?" संतरामभाऊ म्हणाले. "मी म्हनलो व्हतो असं?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. चेहऱ्यावर दिसत होतं, माणूस डोकं खाजवून शोधत होता आणि त्याला सापडत नव्हतं. एक वाक्य, चहा पिता पिता टाकलेलं, आणि आमच्या अंगणात त्यापायी बावीस वर्षं हळद सगळ्यांच्या मागं राहिली, आत्या स्वतःच्या पायगुणाला रडल्या. मला खरं तर राग यायला हवा होता, पण त्या माणसाचं तोंड बघून तो येईना.

"म्हनलो असंल," ते शेवटी म्हणाले. "माझ्या तोंडाला कुलूप न्हाई, साऱ्याला ठावं हाय. म्हनलोच असंल." आणि खाली बसले, सगळ्यात खालच्या पायरीवर.

मामांना त्यांची तकलीफ बघवेना. ते म्हणाले, "सोडा भाऊ. पन ही निघालेली चिठ्ठी धरायची न्हाई. कागद जाडा हाय. मी पयला नको."

इथं मला गणिताची बाई म्हणून कबूल करावं लागलं की मामांचं बरोबर आहे. चिठ्ठ्या सारख्या नसतील तर शक्यताही सारख्या नसतात. जाड कागद हाताला आधी लागू शकतो. मी तसं सांगितलं, आणि मामांची व आत्यांची, दोघांची माफी मागितली. किसनसिंग म्हणाला, "मंग पुन्ना काढू. माझा हात कुठं दुखून राहिला?"

संतरामभाऊ उठले. त्यांनी कळशी उपडी केली, आत कोणी काही ठेवलं नाही ना म्हणून हात फिरवला, आणि तेरा चिठ्ठ्या मोठ्यानं मोजत परत टाकल्या. मग मामांसमोर हात पसरला. मामांनी पांढरी चिठ्ठी त्यांच्या तळव्यावर ठेवली. भाऊंनी ती उघडून सगळ्यांना दाखवली, गुंडाळली, कळशीत सोडली आणि म्हणाले, "चौदा!" इतक्या जोरात, की वेशीपर्यंत गेलं असेल.

आत्यांनी पुन्हा फडकं बांधलं आणि हलवली.

पहिलं नाव लखमाबाईचं. ती पदर खोचून ओरडली. दुसरं, तिसरं, चौथं. प्रत्येक नावाला मी मनात मोजत होते, अकरात एक, दहात एक, नवात एक. आयुष्यभर शिकवलं हो, पण त्या दिवशी पहिल्यांदा पोटात कळलं की एक चिठ्ठी कमी झाली की काय होतं. आठ निघाल्या. कळशीत सहा उरल्या. किसनसिंगनं हात घातला, चिठ्ठी मामांना दिली.

मामांनी उलगडली. ते उभे राहिले, घसा खाकरला, आणि ज्या आवाजात तीस वर्षं सगळ्यांच्या दारात उभे राहून नावं पुकारली, त्या आवाजात पुकारलं,

"भिवाजी लक्ष्मण खंदारे!"

मामा चिठ्ठी हातात धरून आमच्या दाराकडं बघत होते, जसं टपाल आणलेला माणूस बघतो, आत कोणी आहे की नाही म्हणून.

आत्या उठल्या. डोक्यावरचा पदर सावरला, रडतही होत्या आणि हसतही होत्या, आणि असल्या ओरडल्या, असल्या ओरडल्या, की लिंबावरचे कावळे उडाले.

"हाय! हितंच हाय!"

पुढच्या चार चिठ्ठ्या कोणी नीट ऐकल्या नाहीत. चौदावी मात्र औंदा काढूनच घेतली, नियम म्हणून. ती संतरामभाऊंची निघाली. ते म्हणाले, "म्हनलं नव्हतं का मी, कळशीला सारं ध्यानात ऱ्हातं!" आणि मी त्यांना पुन्हा स्वतंत्र घटना समजावून सांगायला बसले.